घाटात गाडीचा करंट गेला तर रस्त्याच्या कडेला काय बघायचं

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्या दादांची मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, बीएस-६, इंजेक्शनची, किक नसलेली. मागच्या वर्षी पुढे दोन फॉग लॅम्प लावून घेतले. जुलैत भर पावसात पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघाले. घाट उतरून विळे सोडल्यावर आधी कन्सोल लुकलुकायला लागला, मग हॉर्नचा आवाज बसला, एबीएसचा दिवा पेटून राहिला आणि निजामपूरच्या अलीकडे गाडी झटके खात बंद पडली. सेल्फ मारला की नुसतं टकटक. रस्त्यावरच्या दोघा पोरांनी धक्का मारून दिला, चालू झाली, थोडं अंतर गेली आणि परत बंद. पिकअपमध्ये घालून माणगावला आणली. तिथे 'बॅटरी गेली' असं ठरलं आणि नवी बॅटरी बसली. अर्ध्या तासात, म्हसळ्याच्या अलीकडे, पुन्हा तेच. आता पुण्यातलं गॅरेज अख्खं वायरिंग बदला म्हणतंय. दादांचं विचारणं तीन गोष्टींचं आहे: रस्त्यावर काय करता आलं असतं, सोबत काय ठेवायचं, आणि वायरिंग खरंच बदलायचं का.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मुंबई–गोवा हायवेच्या कडेला आहे. पावसाळ्यात घाट उतरून आलेल्या बंद गाड्या हा आमचा सीझनच. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या गाडीने रस्त्यावरच दोनदा सांगितलं होतं की दुखणं बॅटरीचं नाही. पहिल्यांदा धक्का मारून चालू झाली तेव्हा, दुसऱ्यांदा नव्या बॅटरीवर बंद पडली तेव्हा.

बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि इंजिनच्या कव्हरमधलं मॅग्नेट-कॉइल म्हणजे पाणी चढवणारी मोटर. टाकी लहान असली, गळकी असली, तरी मोटर चालू आहे तोवर नळाला पाणी येतं. नुसती बॅटरी म्हातारी झालेली गाडी धक्का मारून एकदा चालू झाली की बहुतेक वेळा घरापर्यंत येते, सकाळी मात्र उठत नाही. तुमची गाडी चालू होऊन, चालता चालता, हळूहळू मान टाकत गेली. याचा अर्थ टाकी नुसती रिकामी होत होती, वर काही चढतच नव्हतं. गॅरेजच्या भाषेत चार्जिंग बंद. अशा गाडीला नवी बॅटरी म्हणजे भरलेली नवी टाकी. ती संपेपर्यंत गाडी पळते.

किती पळते, याचाही हिशोब बसतो. हॅलोजन हेडलाइट ५५-६० वॅटचा, म्हणजे जवळजवळ पाच अँपिअर. दोन फॉग लॅम्प मिळून चाळीस वॅटचे धरले तरी तीन अँपिअरच्या वर. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, इग्निशन, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), मागचा दिवा हे सगळं मिळून आणखी चार-पाच. झाले बारा-तेरा अँपिअर. तुमच्या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी साधारण आठ अँपिअर-अवरची. कागदावर चाळीस मिनिटं येतात. प्रत्यक्षात कमी, कारण दुकानातून काढलेली नवी बॅटरी पूर्ण चार्ज नसते आणि बॅटरी पूर्ण संपायच्या आधीच पंपाचा जोर जातो. माणगाव सोडल्यावर अर्ध्या तासात गाडी बंद पडली, ती याच हिशोबाने.

आता रस्त्याच्या कडेला काय करायचं. यात बरंच परिस्थितीवर आहे: दिवस की रात्र, पाऊस किती, एकटे की दोघं, गाडी कार्ब्युरेटरची की इंजेक्शनची. माझ्याकडे फोन येतो तेव्हा मी आधी हेच विचारतो, गाडीचं मॉडेल नंतर.

सगळ्यात आधी जागा. गाडीला अजून दम आहे तोवर, म्हणजे हॉर्न बसला, कन्सोल लुकलुकला की लगेच, थांबायची जागा बघायला लागायचं. टपरी, पेट्रोल पंप, बसथांबा, रुंद साइडपट्टी, काहीही. फॉग लॅम्प बंद, मोबाइलचं चार्जिंग बंद. बहुतेक लोक 'बघू किती जाते' म्हणून रेटतात आणि गाडी नेमकी वळणावर बंद पडते. घाटात वळणाच्या तोंडाशी बंद पडलीच तर गाडीकडे बघत बसू नका, आधी ती ढकलत सरळ पट्ट्यावर न्या. पावसाळ्यात दरडीच्या बाजूला उभं राहायचं नाही, कठड्यावर बसायचं नाही. हेल्मेट डोक्यावरच ठेवा. धुक्यात मागून येणाऱ्याला तुमचा काळा रेनकोट दिसत नाही, म्हणून दोघं असाल तर एकाने टॉर्च घेऊन वीस-पंचवीस पावलं मागे उभं राहावं.

जागा मिळाली की चावी ऑन करा आणि ऐका. सेल्फला लगेच हात लावू नका. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर (किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, चालू बाजूला हवा) टाकीतून दोनेक सेकंद पंपाचा बारीक घरघर आवाज येतो. तो आपल्या गाडीत कसा येतो हे घरी असतानाच ऐकून ठेवा. कन्सोल उजळला आणि पंप नेहमीसारखा वाजला तर बॅटरीत अजून जीव आहे. कन्सोल उजळतो पण पंप रडतो किंवा वाजतच नाही, तर व्होल्टेज पडलंय. काहीच उजळत नाही, हॉर्नही नाही, तर मुख्य फ्यूज नाहीतर बॅटरीचा टर्मिनल.

मग एकदाच सेल्फ मारा आणि हेडलाइटकडे किंवा कन्सोलच्या दिव्याकडे बघा. दिवा एकदम मंद होऊन टकटक आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिला आहे. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फचा आवाजच नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका. किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच किंवा सेल्फचा रिले (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), यातलं काहीतरी आहे. गिअर टाकला की इंजिन बंद पडतं अशी तक्रार असेल तर साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरलाय असं समजा. बाटलीतल्या पाण्याने धुऊन स्टँड पाच-दहा वेळा वर-खाली करा, निम्म्या गाड्या तिथेच सुधारतात. गाडी पडली असेल आणि उचलल्यावर चालू होत नसेल, तर बऱ्याच नव्या गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी बंद करून, थोडं थांबून, परत ऑन करायची. एवढ्यासाठी लोक टेम्पो बोलावतात.

तुमच्या बाबतीत टकटक होती, म्हणजे पुढचं पाऊल सीट काढून टर्मिनल बघायचं. दोन्ही टर्मिनल बोटांनी हलवून बघा, नुसते डोळ्यांनी नाही. हलले तर आवळा. पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर खरवडून आवळा. स्टार्टिंगच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांत ढिला टर्मिनल इतका सापडतो की मी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) हातात घ्यायच्या आधी तोच बघतो. जास्तीचे दिवे, हॉर्न, चार्जर ज्यांनी लावलेत त्यांच्या गाड्यांत तर नक्कीच, कारण एका स्क्रूखाली चार-चार वायरींचे लग (टोकाच्या कड्या) कोंबलेले असतात आणि तो स्क्रू नीट बसतच नाही.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा दुसरा घाला. फ्यूजच्या डबीतच सहसा एखादा जादा ठेवलेला असतो. रंगावरून ओळखता येतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा-पारदर्शक २५, हिरवा ३०. नवा घातल्याबरोबर तोही उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला लागते आहे. तिसरा घालण्यात अर्थ नाही. आधी बाहेरून लावलेलं सगळं सोडवा, मग हँडल वळतं तिथे मानेजवळची वायर घासलीय का बघा. हँडल एका बाजूला वळवलं की फ्यूज जातो, ही खूण पक्की. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून फ्यूज 'करून देणारा' कोणी भेटला तर हात जोडा आणि नको म्हणा. फ्यूज उडाला म्हणून वायर वाचली होती. चांदी लावल्यावर वायर जळते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

इथपर्यंतच्या गोष्टी कोणालाही जमतात. टर्मिनल घट्ट, फ्यूज ठीक, तरी टकटक, असं असेल तर बॅटरी उतरलेली आहे. आता गाडी चालू कशी करायची हा प्रश्न येतो, आणि चालू झाल्यावर ती काय करते हे बघायचं असतं.

धक्का मारण्याबद्दल. जुन्या कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांत इग्निशनला करंट थेट मॅग्नेटच्या कॉइलमधून मिळायचा, त्यामुळे बॅटरी मेली तरी किक मारून गाडी निघायची. इंजेक्शनच्या गाडीला पंप फिरवायला आणि ईसीयू जागा ठेवायला आधी थोडं व्होल्टेज लागतंच. म्हणून नियम सोपा: कन्सोल उजळतोय आणि पंप वाजतोय तर धक्का मारा, नाहीतर दम वाया घालवू नका. दुसरा गिअर, क्लच दाबून, वेग आल्यावर क्लच सोडायचा आणि इंजिन उचललं की लगेच परत दाबायचा. पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक ओल्या रस्त्यावर नुसतं घसरतं. घाटात उताराचा मोह होतो, पण समोर वळण असेल तर नको. इंजिन बंद असताना उतारावर, ओल्या रस्त्यावर, मागे एसटी, हा खेळ मी कोणाला सुचवणार नाही.

जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायचं, तर कार बरी. दीडशे सीसीच्या मोटरसायकलची चिमुकली बॅटरी तुमचं इंजिन फिरवेलच असं नाही. कारचं इंजिन बंद ठेवायचं. लाल वायर आधी आपल्या प्लसला, मग कारच्या प्लसला. काळी कारच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, म्हणजे ठिणगी पडलीच तर बॅटरीपासून लांब पडते. काढताना उलट क्रमाने. पावसात हे करताना सीटवर कोणीतरी रेनकोट धरून उभं राहील एवढी माणसं जमतातच आपल्याकडे.

आता मुद्द्याची चाचणी. गाडी चालू झाली की बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, डीसी २० वर. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तळाला. सेल्फ मारताना आकडा ९.५-१० च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू करून रेस दिली, चार हजार आरपीएमच्या आसपास, की आकडा वर चढून १३.५ ते १४.५ च्या मध्ये यायला हवा. चढला तर चार्जिंग ठीक आहे, बॅटरी जुनी असली तरी गाडी न थांबवता गावापर्यंत चला. रेस देऊनही आकडा १२ च्या घरात, आणि बघता बघता आणखी खाली, तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) सुटलाय; बॅटरी उकळेल, बल्ब जातील, अशी गाडी पळवायची नाही.

माणगावला ही चाचणी दोन मिनिटांत झाली असती. नवी बॅटरी बसवल्यावर बिल देण्याआधी 'रेस देऊन व्होल्टेज दाखवा' एवढंच म्हणायचं होतं. कुठल्याही गॅरेजमध्ये म्हणा, त्यात मेकॅनिकचा अपमान नाही. उलट एक जुनी चाचणी मात्र करू देऊ नका: गाडी चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि चालू राहते का बघायचं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. आता टर्मिनल काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ते ईसीयूला भोगावं लागतं. ईसीयूच्या किमतीत बऱ्याच बॅटऱ्या येतात.

समजा चाचणीत चार्जिंग नाही असं निघालं, तुम्ही निजामपूरला आहात आणि दुपारचे दोन वाजलेत. तर बॅटरीत उरलेला करंट पुरवून वापरायचा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट आपोआप लागतो, बंद करायला बटण नाही. पण हेडलाइटचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) मागून काढता येतो, काही गाड्यांत त्याचा फ्यूज वेगळा असतो. फॉग लॅम्पचा फ्यूज काढा. मागचा दिवा आणि ब्रेकलाइट सोडा, त्यांना हात लावायचा नाही. बारा-तेरा अँपिअरचा खर्च पाच-सहावर येतो, म्हणजे भरलेली बॅटरी तासभर साथ देते. ही सोय फक्त दिवसाउजेडी, स्वच्छ दिसत असताना, जवळचं गाव गाठण्यापुरती. धुकं असेल, अंधार पडत असेल तर हेडलाइट काढून चालवणं म्हणजे समोरच्या ट्रकला निमंत्रण. तेव्हा गाडी तिथेच लावा, माणसं पुढे जाऊ द्या. माणगावसारख्या ठिकाणी एसटी आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. गाडीसाठी सकाळ होते.

सीट काढलेलीच आहे तर आणखी एक जागा बघा. माझ्या मते तुमची गोष्ट बहुधा तिथेच आहे. इंजिनच्या डाव्या किंवा उजव्या कव्हरमधून वायरींचा एक जुडगा वर येतो, त्यात एकाच रंगाच्या, बहुतेक गाड्यांत पिवळ्या, तीन जाड वायरी असतात. त्या एका कपलरमधून रेग्युलेटरला जातात. रेग्युलेटर म्हणजे पंख्यासारख्या पट्ट्या असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. हा कपलर हातात घेऊन बघा. चांगला असेल तर प्लास्टिक पांढरं किंवा काळं, गुळगुळीत. बिघडलेला असेल तर तीनपैकी एका भोकाभोवती प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं, थोडं वितळून आत बसलेलं, वायरीचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, आणि नाकाजवळ नेलं की जळका वास. ओढला तर दोन भाग सुटत नाहीत, कारण आतली पिन चिकटलेली असते. पावसाचं पाणी पिनेत शिरतं, गंज चढतो, जोड ढिला पडतो. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते, उष्णतेने जोड आणखी ढिला. वर्षभर हे चालतं आणि एके दिवशी भर पावसात तीनपैकी एक-दोन वायरी पूर्ण सुटतात.

हा जळका कपलर रस्त्यावर दुरुस्त करता येणारा बिघाड आहे. इंजिन बंद, चावी काढून, कपलरच्या दोन्ही बाजूंनी वायरी कापायच्या, काळवंडलेला भाग टाकून चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलायचं, आणि तिन्ही थेट पिळून जोडायच्या. कुठली कुठल्याला हा गोंधळ नाही, कारण तिन्हींतून एसी येतो आणि रेग्युलेटरला क्रम कळत नाही. कुठलीही पिवळी कुठल्याही पिवळीला चालते. फक्त प्रत्येक जोड वेगळा टेप करायचा आणि तिन्ही एकमेकींना किंवा बॉडीला लागू द्यायच्या नाहीत. ही गावापर्यंतची सोय. गावात सोल्डर करून, स्लीव्ह चढवून घ्या, किंवा चांगला सीलबंद कपलर लावून घ्या. इंजिन चालू असताना या वायरींना हात लावायचा नाही, जोड सुटा असेल तर रेस दिल्यावर तिथे व्होल्टेज बरंच वर चढतं.

आता फॉग लॅम्पचं. मेकॅनिक लगेच त्यांच्यावर खापर फोडतात, आणि ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा रेग्युलेटर जादा करंट बॉडीत शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. कॉइल आणि तो कपलर, फॉग लॅम्प असोत-नसोत, पूर्ण भार वाहतच असतात. त्यामुळे नुसत्या फॉग लॅम्पमुळे कपलर जळाला असं मी म्हणणार नाही. पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, कमी आरपीएमला, मॅग्नेट मुळात थोडाच करंट देतं. त्यात हेडलाइट, फॉग लॅम्प, फोन चार्जर आणि सतत ब्रेकलाइट, म्हणजे घाट चढता-उतरताना तुम्ही बॅटरीतून उसनं घेताय. एक वायर सुटून उत्पादन घटलेलं असताना हे उसनं परत फिटत नाही. फॉग लॅम्प ठेवा, पण रिले आणि स्वतंत्र फ्यूज लावून. खरंच दिसत नाही तेव्हाच लावा. आणि रेग्युलेटरच्या पट्ट्यांमध्ये सुकलेला चिखल धुऊन काढा, त्याला वारा लागला पाहिजे.

मदत मागायची तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अपघात किंवा धोका असेल तर ११२. ताम्हिणीसारख्या ठिकाणी मधल्या पट्ट्यात नेटवर्कच नसतं, म्हणून विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलाय का आणि त्याचा नंबर काय, हे निघण्याआधी बघून कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच जणांनी ते घेतलेलं असतं आणि त्यांनाच ठाऊक नसतं. दुसऱ्या मोटरसायकलवरून पायाने रेटत नेणं सपाट रस्त्यावर थोड्या अंतरासाठी लोक करतात, घाटात अजिबात नाही. दोरी बांधून ओढणं दुचाकीला कुठेच नको. छोटा हत्ती किंवा पिकअप मिळाला तर गाडी मध्यभागी, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवून, पुढचे शॉकॲब दोन्ही बाजूंनी खाली दाबून बांधा. नुसत्या साइड स्टँडवर उभी करून नेलेली गाडी पहिल्याच खड्ड्यात आडवी होते.

सोबत काय ठेवायचं. लोक चेनची कडी आणि प्लग घेऊन फिरतात, आणि बॅटरीच्या टर्मिनलला लागणारा पानाच नसतो. म्हणून आधी सीट काढून बघा की आपल्या टर्मिनलला स्क्रूड्रायव्हर लागतो की १० नंबरचा पाना, तो घ्या. आपल्या गाडीत असलेल्या प्रत्येक अँपिअरचे दोन-दोन फ्यूज. स्वस्तातला मल्टिमीटर. मीटरभर अडीच एमएमची वायर, छोटी पकड, इन्सुलेशन टेप आणि डोक्याला लावायची टॉर्च, कारण एका हातात मोबाइलची टॉर्च धरून वायर सोलता येत नाही. हे सगळं एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सीटखाली मावतं. खिशाला परवडत असेल तर हँडलवर छोटा व्होल्टमीटर बसवून घ्या. तो असता तर चार्जिंग कमी पडतंय हे तुम्हाला कदाचित मुळशीच्या बाजूलाच कळलं असतं आणि घाटात शिरण्याआधी मागे फिरता आलं असतं. लिथियमचा जंप स्टार्टर चांगली वस्तू आहे, पण महिनोन्महिने डिकीत पडून तोच उतरलेला असतो, आणि चार्जिंग बंद असलेल्या गाडीला तो फक्त एकदा उठवून देतो.

राहिलं वायरिंग बदलायचं. आत्ताच हो म्हणू नका. अख्खा हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) बदलणं हे वायरी जळून एकमेकींत वितळल्या असतील किंवा उंदरांनी जागोजागी कुरतडल्या असतील तर. तुमच्या लक्षणांत तसं काही नाही. गॅरेजवाल्याला आधी तो पिवळ्या वायरींचा कपलर उघडून दाखवायला सांगा. मग कपलर सोडून, इंजिन बंद ठेवून, मल्टिमीटर ओहमवर घेऊन पिवळ्या वायरींच्या तीन जोड्या मोजायच्या: तिन्ही सारख्या आणि सहसा एक ओहमच्या आत आल्या पाहिजेत. त्यातली कुठलीही वायर इंजिनच्या बॉडीशी मोजली तर काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइल बॉडीला लागलीय. नंतर इंजिन चालू करून, एसीवर, त्याच तीन जोड्यांत व्होल्टेज बघायचं: रेस वाढेल तसं वाढलं पाहिजे आणि तिन्हींत सारखं असलं पाहिजे. एक जोडी कमी पडली तर कॉइल. तिन्ही ठीक, कपलर ठीक, आणि बॅटरीवर आकडा १३ च्या वर जात नाही, तर रेग्युलेटर किंवा त्याची अर्थिंग. बॅटरीही एकदा चार्जरवर सावकाश, आठ-दहा तास, भरून घ्या. ती नवी आहे, पण तळापर्यंत उतरलेली आहे, आणि लेड-ॲसिड बॅटरी तशी आठवडाभर पडून राहिली की नवी असूनही जाते.

हे आकडे घेतल्याशिवाय तिथे काही बदलू देऊ नका. मोजून झाले की इथेच टाका. तीन ओहमचे, तीन एसीचे आणि रेस देऊन बॅटरीवरचा एक. त्यावरून कॉइल, रेग्युलेटर की नुसता कपलर ते सांगता येईल. कपलरचा फोटोही काढा, उघडून आतल्या पिना दिसतील असा.